बारा फुटी चौकट आणि चार एकरांचा उतार

पार्श्वभूमी

शेत शिरपूर-चोपडा रस्त्याच्या दक्षिणेला, तापीच्या अंगाला. चार एकर काळी भारी जमीन, घरचा ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, विहीर आणि ठिबक. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत या पट्ट्यातली जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाते, तशीच हीही उतरते. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं टाळली आहेत.

घरात निर्णय घेणारे तिघे. आप्पा सत्तरीपुढचे, बैलांमागे मैंद (ढेकळं फोडून जमीन सारखी करायचा जड ओंडका) आणि केणी (माती ओढून न्यायचं अवजार) चालवण्यात त्यांची हयात गेली. थोरला मुलगा शेती बघतो. धाकट्याचं तालुक्याला दुकान आहे, पण पैशाचा हिशेब त्याच्याकडे असल्याने त्याच्या शब्दाला वजन. मी त्या भागातल्या एका शेतकरी गटाच्या अवजारांचं काम पाहतो, म्हणून या प्रकरणात सुरुवातीपासून होतो.

हे चार एकर पूर्वी दोन तुकडे होते. दोन्ही घरचेच, त्यामुळे मधला पूर्व-पश्चिम बांध मोडताना वाद झाला नाही. बांध मोडला म्हणजे काय, तर ट्रॅक्टरने दोन-चार वेळा त्यावरून आडवा नांगर घातला. त्यावर काही वर्षं कपाशी निघाली. मग केळी लावायचं ठरलं आणि जमीन सरळ करायचा विषय निघाला.

अडचण

कपाशीत हे शेत कसंबसं चालून गेलं होतं. तरी आग्नेय कोपऱ्यात मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाणी उभं राहायचं आणि ऊन पडलं की तिथली कपाशी मान टाकायची. आकस्मिक मर म्हणतात तो प्रकार. मोडलेल्या बांधाच्या जागी लांबलचक उंचवटा होता आणि त्याच्या खालच्या अंगाला खोलगट पट्टा. बाकीच्या शेतात वर्षानुवर्षांच्या सऱ्या-वरंब्यांनी आणि रोटाव्हेटरच्या फेऱ्यांनी पडलेल्या लहान लहान लाटा.

केळीला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. रोप लावायचं, ठिबकवर एवढा खर्च करायचा, आणि दहा गुंठ्यांवरची झाडं पहिल्याच पावसाळ्यात पिवळी पडायची, हे कोणालाच परवडणारं नव्हतं. पण उपायावर एकमत होईना. धाकट्याचं म्हणणं, जेसीबी लावा, दोन दिवसांत लेव्हल करून मोकळे व्हा. थोरल्याने मोबाइलवर ट्रॅक्टरमागे ओढायच्या लोखंडी चौकटीचे व्हिडिओ पाहिले होते. भंगारातून तशी बनवायची, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. दोघांचं ऐकून झाल्यावर आप्पा एवढंच बोलले, "जमीन सपाट करी टाकशात, तं पानी कथा जाई?" म्हणजे, पाणी जाणार कुठे?

पुढची सगळी चर्चा या प्रश्नाभोवती फिरली. दोघे भाऊ साधनावरून भांडत होते. जमिनीला नेमकं काय हवंय, हे ठरवायचं तोवर राहूनच गेलं होतं.

पहिला निर्णय: आधी मोजायचं

थोरला वेल्डिंगवाल्याकडे निघालाच होता. त्याला थांबवलं आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी मागवली. अर्धा इंची पारदर्शक पाईप, दोन्ही टोकांना फूटपट्टी बांधलेल्या काठ्या. पन्नास-पन्नास फुटांवर खुंट्या ठोकून दोन माणसांनी शेत मोजलं. काम सोपं आहे, पण पाईपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तर दोन-दोन इंचांची चूक होते आणि ती पुढच्या प्रत्येक खुंटीत चालत राहते. म्हणून पाईप हळूहळू भरायचा, तो एकदा पूर्ण वर धरून बुडबुडे जाऊ द्यायचे, आणि दर चार-पाच खुंट्यांनी परत पहिल्या खुंटीशी ताडून पाहायचं. हे सकाळीच उरकावं. खान्देशातल्या मे महिन्याच्या दुपारी पाईप तापतो आणि माणसंही तापतात.

शेत पूर्व-पश्चिम ४०० फूट आणि उत्तर-दक्षिण साधारण ४३५ फूट. मोजल्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या.

पहिली, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत दोन फुटांचा एकूण उतार, म्हणजे दर शंभर फुटांना साडेपाच इंच. दुसरी, बांधाच्या जागचा उंचवटा: ४०० फूट लांब, सहा फूट रुंद, सरासरी सहा इंच उंच. आणि आग्नेय कोपऱ्यातली दहा गुंठ्यांची खोलगट जागा, सरासरी चार इंच खोल. यांखेरीज शेतभर पसरलेल्या दोन-तीन इंचांच्या लाटा होत्याच, पण त्या खुंटीवर दिसत नाहीत, चालताना पायाला कळतात.

मग कागद घेऊन बसलो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच माती पसरायची तर ३,६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावते. हे गणित प्रत्येकाने एकदा करावं. ‘इंचभर तर उचलायची आहे’ असं म्हणताना आपण एकरी ३६ ट्रॉल्यांबद्दल बोलत असतो, हे तोपर्यंत लक्षात येत नाही.

चारही एकर खरोखर सपाट करायचे तर वरचा अर्धा भाग कापून खालच्या अर्ध्यावर टाकावा लागेल. उत्तर कडेला कापणी एक फूट, मध्यावर शून्य. माती ४३५ ब्रास. उत्तर कडेला काळी माती तशीही पातळ, दीड-दोन फुटांखाली चुनखडीचा पांढरट थर लागतो. त्यातली एक फूट काढली की उरलेल्यात केळी लावून काय होणार, हे थोरल्याला सांगावं लागलं नाही. धाकट्यानेही कागद पुन्हा एकदा तपासला आणि जेसीबीचा विषय तिथेच संपला.

बांधाच्या उंचवट्याची माती निघाली १२ ब्रास. त्याच्या खालच्या खोलगट पट्ट्याला, १५ फूट रुंद आणि सरासरी अडीच इंच खोल, लागणारी मातीही जवळपास तितकीच. ही जोडी नशिबाने जमली. कोपऱ्याचं मात्र जमत नव्हतं. तिथे ३६ ब्रास हवी होती आणि आसपास ती कुठेच जास्तीची नव्हती.

पर्याय

उतार ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न यातून आपोआप सुटला. ठिबकवरच्या केळीला जमीन सपाट लागत नाही. पाणी कुठे अडू नये आणि उतार एकसारखा असावा, एवढं पुरतं. गहू-हरभऱ्याला साऱ्यात, म्हणजे लांब वाफ्यात, पाटाने पाणी द्यायचं असतं तर हिशेब वेगळा झाला असता. तिथे साऱ्याला आडवा उतार जवळजवळ नको आणि लांबीला थोडाच हवा. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांच्या गटांना वाटून देण्याची जुनी रीत) टिकली ती बंधारा आणि पाणी वाटणारे पाटकरी यांच्या शिस्तीवर, पण फडातली जमीन पाणी धरील अशी सारखी राखली नसती तर ती शिस्तही उपयोगाची नव्हती. आमच्या शेताला तो काटेकोरपणा नको होता.

लेझर लेव्हलरचा विचार केला. तिपाईवर फिरणारा किरण, मागच्या बकेटवरच्या खांबाला लावलेला रिसीव्हर, आणि त्याच्या इशाऱ्यावर हायड्रोलिकने वर-खाली होणारं पातं. काम सेंटिमीटरात होतं आणि ठरवलेला उतारही देता येतो. मोठ्या क्षेत्राला आणि पाटपाण्याच्या पिकाला याला तोड नाही. पण जवळपास भाड्याने मिळत नव्हता, लांबून आणायचा तर चार एकरांसाठी येणारा तयार नव्हता.

बाजारात मिळणारं ट्रॅक्टरमागचं लेव्हलर पातं गटातल्या एकाकडे होतं. ते फुकट मिळालं असतं. पण त्यात एक खोट आहे, आणि ती पात्याची नाही, जोडणीची आहे. पातं तीन टोकांच्या जोडणीवर (वर एक आणि खाली दोन दांडे) मागच्या चाकांपासून तीन-चार फूट मागे लटकतं. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरचा मागचा भाग झुकतो आणि पातं जमिनीत घुसतं. मागची चाकं चढली की पातं वर उचललं जातं. म्हणजे जिथे कापायला हवं तिथे ते सुटतं आणि सखल जागी खणतं. कसलेला चालक हायड्रोलिकच्या दांड्याने हे सांभाळतो. नवखा माणूस जुन्या लाटा मोडून त्यांच्या जागी नव्या लाटा घालतो. माझ्या पाहण्यात लेव्हलर मारलेली निम्मी शेतं अशीच असतात.

ट्रॅक्टरमागे नुसती ओढायची लांब चौकट मात्र ट्रॅक्टरच्या वर-खाली होण्याशी बांधलेली नसते. ती जमिनीवर आपल्या लांबीने टेकते. सुताराचा लांब रंधा जसा फळीच्या खाचखळग्यांत उतरत नाही, उंचवटे तेवढे काढतो, तसंच. पण म्हणूनच तिची मर्यादाही ठरलेली आहे: बारा फुटी चौकट साधारण बारा फुटांपर्यंतच्या लाटा काढते. त्याहून लांब चढउतारावर ती आरामात चढते आणि उतरते. चारशे फुटांचा उतार तिला दिसतच नाही. आम्हाला तो ठेवायचाच होता, त्यामुळे ही मर्यादा पथ्यावर पडली.

ठरलं असं: लाटांसाठी चौकट. बांधाची माती उचलून खालच्या पट्ट्यात टाकायला गटाचं लेव्हलर पातं, कारण ओढण्याचं अंतर पंधरा-वीस फूटच. आणि कोपरा भरायचा नाही, त्याला वाट द्यायची. शेताच्या पूर्व हद्दीला लागून नाला जातो. कोपऱ्यातून नाल्यापर्यंत सत्तरेक फुटांचा चर काढला तर पाणी निघून जाईल. चर स्वतःच्याच शेतातून आणि स्वतःच्याच काठाने नाल्यात जात होता, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडायचा प्रश्न नव्हता. असता, तर हा पर्याय मी सुचवलाच नसता.

चौकट बनवणं

मिस्तरीने पहिल्यांदा जे बनवून दिलं ती चौकट नव्हतीच. दहा फुटी एकच गर्डर, दोन टोकांना कड्या, कड्यांत साखळी. लोखंडाची मैंद म्हणा. वर माणसाने उभं राहायला पत्र्याची पाटीही जोडली होती, कारण बैलांच्या मैंदेवर माणूस उभा राहतोच.

ती पाटी आम्ही त्याच दिवशी गॅसने कापून टाकायला लावली. बैल पाच-दहा पावलांत थांबतात. ट्रॅक्टरच्या चालकाला मागे कोण पडलं ते दिसत नाही आणि इंजिनच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही. वजन हवं तर दगड ठेवा, मातीची पोती बांधा. आप्पांना हे पटायला वेळ लागला. तरुणपणी ते स्वतः मैंदेवर उभे राहून शेतं सारखी करत आले होते.

एकट्या गर्डरने काम नीट झालं नाही. ढेकळांवरून तो उड्या मारत गेला आणि पुढे माती साठली की अंगावरून सोडून द्यायचा. जिथे सोडायचा तिथे नवा उंचवटा. त्याला लांबी नव्हती, हेच कारण.

दुसऱ्या वेळी चौकट केली. चार इंची चॅनेलच्या बारा फुटी दोन बाजू आणि त्यांच्यात सात फुटी तीन आडवे. सात फूट यासाठी की मागच्या टायरांचे माग झाकले गेले पाहिजेत. पहिल्या दोन आडव्यांना खालून तीन इंच रुंद, दहा मिलिमीटर जाडीची पट्टी वेल्ड केली, तीच कापणारी धार. तिसऱ्याला धार नाही, तो नुसता फिरवून चोपणारा. चार इंची चॅनेल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं, त्या हिशेबाने सगळं मिळून दीडशे किलोच्या वर गेलं. सगळा माल भंगाराच्या दुकानातून किलोवर आणला. वेल्डिंगची मजुरी धरूनही नव्या लेव्हलर पात्याच्या निम्म्याहून कमी पैसे लागले.

आडवे कसे लावायचे यावर बराच खल झाला. सरळ लावले तर माती समोर ढकलली जाते, पण लगेच ओसंडते. तिरके लावले तर माती सरकत राहते, पण एका बाजूला जाऊन तिथे वरंबा पडतो आणि चौकट तिरकी ओढली जाते. शेवटी पहिला आडवा एका बाजूला तिरका, दुसरा उलट बाजूला, आणि तिसरा सरळ. पहिल्याने सरकवलेली माती दुसरा परत आणतो आणि ओढही दोन्हीकडून सारखी पडते.

जोडणीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मिस्तरी साखळी टॉप लिंकच्या, म्हणजे जोडणीच्या वरच्या दांड्याच्या, कानाला अडकवा म्हणत होता, तिथे भोक तयार असतं म्हणून. ओढण्याचा जोर मागच्या अक्षाच्या वर पडला आणि चौकट कशात अडकली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि चालकाच्या अंगावर उलटतो. सावरायला वेळच मिळत नाही. साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओढपट्टीलाच, दुसरीकडे कुठेही नाही. साखळीची लांबीही खेळवता आली पाहिजे. आखूड केली की चौकटीचं नाक उचललं जातं आणि कापणी कमी होते. लांब केली की नाक जमिनीला भिडतं. मात्र इतकी आखूड नको की वळणावर चौकटीचा कोपरा मागच्या टायरात घुसेल.

काम

दुसरा मोठा निर्णय ओलीचा होता. अमेरिकेत मिझुरीतल्या डी. वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्याने १८९० च्या दशकात चिरलेल्या ओंडक्याची अशीच ओढणी करून कच्चे रस्ते सारखे करायची पद्धत रुळवली होती. त्याचा भर पाऊस पडून गेल्यावर, रस्ता ओला असतानाच ओढणी फिरवण्यावर होता, कारण ओली माती लिंपली जाते, दबते आणि वाळून घट्ट होते. रस्त्याला हे हवंच असतं. काळ्या जमिनीच्या शेताला हेच नको. ओल्या काळ्या मातीवर चौकट फिरवली तर वर गुळगुळीत पापुद्रा येतो, खाली हवा-पाणी जात नाही, आणि केळीची मुळं त्या थरापाशी अडतात. व्हिडिओंमधले बरेचसे रस्त्याचे आणि आवाराचे असतात, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

अगदी कोरडंही चालत नाही. मेमधली कोरडी काळी जमीन म्हणजे पायाएवढी ढेकळं आणि हात जाईल एवढ्या भेगा. म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून घेतल्या, पलटी नांगराऐवजी कल्टिव्हेटरची एकच पाळी घातली, आणि तुषार लावून जमीन वरवर भिजवली. वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, पाहायची रीत जुनीच: चार बोटं खालची मूठभर माती दाबायची, गोळा झाला पाहिजे, आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. गोळा चपटा होऊन राहिला तर घरी जायचं. अंगठ्याने दाबल्यावर चकाकी आली तरी घरी जायचं.

बांधाचा उंचवटा आधी काढला. थोरल्याचा आग्रह होता की वरची काळी माती वेगळी काढून ठेवावी, खालचा कडक भाग खोलगटात घालावा, आणि मग काळी माती वर पसरावी. काम दुप्पट होतं, पण त्याने केलं. अर्ध्या लांबीपर्यंत तरी केलं. पुढे ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला हवा होता म्हणून उरलेला अर्धा सरळ ढकलून दिला.

भरलेल्या पट्ट्यात माती ठरलेल्या पातळीपेक्षा थोडी जास्त ठेवली, कारण सुटी माती पहिल्या पावसात बसते. सपाटीकरणाचे आराखडे करणारे अभियंतेही कापणी भरणीपेक्षा जास्त धरतात ते याच कारणाने.

मग चौकट. दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने. त्याहून जोरात नेली की ती थरथरते आणि वीतभर अंतरावर बारीक लाटा पाडते. पहिली पाळी उतारावर तिरपी, दुसरी तिला काटकोनात, शेवटची उताराच्या दिशेने. एका पाळीला एकरी अर्धा-पाऊण तास. पहिल्या पाळीत पोती टाकून वजन वाढवलं, शेवटच्या पाळीत काढलं. फिरताना मजा वाटते आणि पाळ्या वाढत जातात, पण तिसरीनंतर जमिनीत फरक पडत नव्हता, फक्त माती भुगा होत होती.

एक नुकसान झालं. ठिबकच्या सबमेनचा एक फ्लश व्हॉल्व्ह जमिनीबाहेर चार इंच डोकावत होता, पहिल्याच आडव्याने तो बुडापासून उडवला. त्यानंतर बाकीच्या व्हॉल्व्हजवळ बांबू ठोकून लाल फडकी बांधली.

चर मजुरांकडून काढून घेतला. रुंद, उथळ, बाजू तिरप्या, म्हणजे ट्रॅक्टर आडवा जाऊ शकेल. तळाशी गवत राहू दिलं, नाहीतर दोन पावसांत तो नालाच होतो.

तिसरा निर्णय: मृगबाग की कांदेबाग

मेअखेर शेत डोळ्यांना सरळ दिसत होतं. धाकट्याने ऊतिसंवर्धित रोपांची नोंदणी जूनसाठी, मृगबागेसाठी केली होती. त्याच्या मते आता थांबायचं कारण नव्हतं.

मी आणि आप्पा थांबायच्या बाजूने होतो. भरलेली जागा बसायची आहे, भेगांत उतरलेली माती अजून खाली जायची आहे. केळी एकदा उभी राहिली, ठिबक पसरलं, की दीड वर्ष तरी चौकट शेतात जाणार नाही. एक पावसाळा शेताला दिला तर खरी सखल जागा पावसात दिसेल आणि सप्टेंबरच्या उघडिपीत ती दुरुस्त करून ऑक्टोबरात कांदेबाग लावता येईल. धाकट्याचा मुद्दाही खोटा नव्हता. बाग चार महिने लांबली की पैसाही तितका लांबतो, आणि कांदेबागेला पुढे हिवाळ्यातली थंडी सोसावी लागते.

दोन-तीन दिवस घरात बोलणं झालं. शेवटी रोपवाटिकेने नोंदणी पुढे सरकवायला होकार दिला, तेव्हा धाकटाही राजी झाला. तो होकार मिळाला नसता तर जूनमध्येच लागवड झाली असती, याबद्दल मला शंका नाही. खरिपात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला.

निकाल

पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन तासांनी थोरला चुन्याची पिशवी घेऊन शेतात गेला आणि जिथे पाणी उभं होतं तिथे कडेने चुना टाकत फिरला. दुसऱ्या सकाळी पुन्हा. या दोन फेऱ्यांनी जे कळलं ते नळीने कळलं नव्हतं.

शेतभरच्या लाटांची डबकी जवळजवळ नाहीशी झाली होती. चौकटीने तिचं काम चोख केलं होतं. कोपऱ्यातलं पाणी पूर्वी दोन-तीन दिवस राहायचं, ते चरामुळे दुसऱ्या दिवशी उतरलं. चराच्या तोंडाशी मातीचा उंबरठा राहिला होता, तो फावड्याने काढल्यावर त्याहून लवकर जाऊ लागलं.

नवी अडचण बांधाच्या जागी निघाली. तिथे वरून सगळं एकसारखं होतं, तरी पूर्वेकडच्या अर्ध्या भागात पाणी मुरायला तयार नव्हतं. वर्षानुवर्षं पायवाट आणि बैलगाडीने दबलेला बांधाचा तळ तसाच राहिला होता. आम्ही त्याच्या वरची माती काढली, तळ फोडला नाही. सप्टेंबरात वापसा आल्यावर तेवढ्या पट्ट्यात सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं अवजार) घातला. एका जागी भरलेली माती इंच-दीड इंच बसली होती, तिथे चौकटीच्या दोन पाळ्या दिल्या.

ताग गाडायच्या आधी त्याच्या उंचीत एक सरळ रेघ दिसत होती. बांधाचा जो अर्धा भाग काळी माती वेगळी काढून परत पसरला होता, तिथला ताग बाकी शेताच्या बरोबरीने. जो अर्धा भाग घाईत ढकलला होता, तिथे तो गुडघ्याएवढा आणि फिकट. चुनखडीची खालची माती वर आली की पिकाला लोह आणि जस्त नीट मिळत नाही, पानं फिकट पडतात. तिथे ट्रॉलीने शेणखत टाकलं. केळी लागल्यावरही तो पट्टा पहिले काही महिने मागे राहिला, पुढे बराचसा भरून आला, पूर्ण नाही.

कोपऱ्यातल्या दहा गुंठ्यांवर पुढच्या पावसाळ्यात पिवळेपणा दिसला नाही. पण तो पावसाळा सरासरीएवढाच होता. सलग अतिवृष्टीत चर पुरेल का, हे अजून पाहायचं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

चर सगळ्यात आधी काढायला हवा होता, चौकट बनवण्याच्याही आधी. नुकसानीचा मोठा भाग त्या कोपऱ्यात होता आणि त्याला लोखंड लागतच नव्हतं. चौकट डोळ्यांसमोर असल्याने तिच्याभोवतीच सगळी चर्चा झाली.

बांधाच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी ट्रॅक्टर एक दिवस थांबवला असता तर शेणखताच्या ट्रॉल्या आणि मागे राहिलेली झाडं वाचली असती. आणि बांध काढताना तळ फोडणं हे त्याच कामाचा भाग धरायला हवं.

चौकटीत दोन बदल थोरल्याने नंतर केले. ती उचलता येत नव्हती. शेतातून शेतात न्यायची तर चार माणसांनी ट्रॉलीत चढवावी लागायची. आता पुढच्या आडव्याला दोन कान लावलेत, खालच्या लिंकांना अडकवून रस्त्यापुरती उचलता येते. काम करताना मात्र साखळी ड्रॉबारलाच. दुसरा बदल धारेचा. वेल्ड केलेली पट्टी झिजली की कापून काढावी लागते, म्हणून नवी पट्टी बोल्टने बसवली आहे.

गटातल्या चार-पाच जणांनी चौकट नेली. त्यातल्या एकाची जमीन अनेरच्या काठची, रेताड. तिथे ती फार खोल कापत गेली आणि माती पुढे ढिगाने साठू लागली. त्याला पोती काढून साखळी दोन कड्या आखूड करायला सांगितलं, मग चाललं. दुसऱ्याला त्याच्या शेतातला तीन फुटांचा चढ तिने काढून हवा होता. त्याला आम्ही चौकटीआधी पाण्याची नळी दिली.